काळ्या मेणाची बाटली

दारात गोरा माणूस नव्हता, तिथेच हरीशच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

दुर्मिळ बिअरची अदलाबदल करणाऱ्यांच्या ग्रुपवर या माणसाचं नाव ‘रस्टी टुई’ होतं; टुई म्हणजे इथला एक पक्षी. त्यामुळे हरीश आणि त्याची बायको जुई यांनी मनात एक दाढीवाला, रबरी जँडल्स घातलेला इथला गोरा कीवी म्हातारा पक्का करून टाकला होता. प्रत्यक्षात आले ते साठी उलटलेले चंद्रहास सबनीस. ट्रेनने वेलिंग्टनजवळच्या लोअर हटला उतरून, पाठीवर सॅक घेऊन वाऱ्यातून चालत आले होते.

“किया ओरा,” त्यांनी माओरीत नमस्कार केला, आणि दारावरचं तोरण बघून हसले. “अरे वा, मराठी!” त्यांनी बूट काढले आणि भिंतीला लावून नीट ठेवले.

“आपलाच माणूस निघाला,” हरीश ओट्याशी येऊन जुईच्या कानात कुजबुजला. “आता तर जास्तच जपून.”

जुईचा हा पहिलाच ट्रेड. गेले आठ महिने ती एकाच बाटलीच्या मागे होती. लाकडी पिंपात मुरवलेली काळी बिअर, मोजून दोनशे बाटल्या, आणि ती बनवणारी ब्रुअरी कधीच बंद पडलेली. बदल्यात ती फिजोआ या पेरूसारख्या फळाची आंबट बिअर देणार होती. त्यासाठी ती वेलिंग्टनच्या पावसात चार तास रांगेत उभी राहिली होती. तरी तिलाही कळत होतं, सौदा बरोबरीचा नव्हता.

सबनीसांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली टेबलावर ठेवली. शेजारी बिअरचा एक साधा कॅन ठेवला.

“हा कशाला?” हरीशने विचारलं.

“एक्स्ट्रा. ट्रेडमध्ये देतात असा एखादा वरून.”

“फुकट?”

“फुकट.”

हरीशने जुईकडे असं पाहिलं, की घे, सापडला चोर. मग त्याने मोबाइलचा टॉर्च लावला. बाटली उजेडात तिरकी धरली, आतली पातळी बघितली, झाकणावरच्या काळ्या मेणावरून नख फिरवलं. मेण एका बाजूला जाड होतं. त्यात अंगठ्याचा ठसा होता.

“हे नंतर लावल्यासारखं वाटतंय. पावती असेल ना तुमच्याकडे?”

“दहा वर्षांपूर्वीची?” सबनीस म्हणाले. “ब्रुअरीवाल्यांनी मेण हातानेच लावलं होतं हो.”

“मग इतकी रेअर बाटली आम्हाला का देताय?”

“मला पहिली अशीच कुणीतरी दिली होती.”

आता जुईने हरीशला गप्प करायला हवं होतं. साधा चहा तरी विचारायला हवा होता. पण तिलाही तीच शंका होती, आणि हरीश बोलतोय तोवर आपल्याला बोलावं लागत नाही, हे तिला बरं वाटत होतं. शेवटी ती बोललीच.

“काका, राग मानू नका. पण खात्री कशी करायची?”

सबनीसांनी बाटली आपल्याकडे ओढली. मग म्हणाले, “ओपनर द्या. आणि तीन ग्लास.”

ते काय करतायत हे जुईच्या लक्षात येईपर्यंत मेणाचे तुकडे टेबलक्लॉथवर पडले होते. “नको, नको!” ती ओरडली. तेवढ्यात झाकण उडालं.

काळीभोर बिअर ग्लासात उतरली. मनुकांचा, कोकोचा, जळक्या लाकडाचा वास किचनभर झाला. जुईने एक घोट घेतला. आठ महिने जे जे वाचलं होतं, ते सगळं त्या घोटात होतं. तिला रडू फुटेल असं वाटलं.

सबनीसांनीही घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

“खरी आहे,” ते म्हणाले. “माझ्याकडे ही एवढी एकच होती.”

जुईने घाईघाईने आपली फिजोआची बाटली त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी ती परत सरकवली.

“ही तुमची. ट्रेड झाला कुठे?”

त्यांनी बूट घातले. नाड्या बांधायला त्यांना बराच वेळ लागला. ते फाटकापर्यंत पोचल्यावर हरीशने हाक मारली.

“काका, तुमचा कॅन राहिला!”

“राहू दे. नव्या माणसाला देतात,” ते न वळता म्हणाले, आणि स्टेशनच्या दिशेने चालू लागले.

“नुसता एक चहा पाजायचा होता,” जुई म्हणाली. “तुझ्यामुळे झालं हे सगळं.”

हरीश जुईच्या हाताकडे बघत होता. तिने टेबलावरचा कॅन उचलून उलटा केला होता, आणि डोळे बारीक करून ती तळाची एक्स्पायरीची तारीख वाचत होती.