झेनोवीचा आवाज

“पुन्हा बटाटे!” सोलोमियानं हेडफोन काढून टेबलावर आपटले. “यारेमा, सैनिकांनी स्वतः टिपलेल्या चित्रणातून मी युद्धावर माहितीपट करतेय. बटाट्यांवर नाही.”

“युद्धात बटाटेच जास्त असतात,” यारेमा म्हणाला आणि कृत्रिम पाय खुर्चीखाली नीट सरकवून बसला.

त्याच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यानं टिपलेलं बाकी सगळं तिला हवं तसं होतं. खंदकातली पळापळ, पेटलेला रणगाडा, धापा, शिव्या. तेर्नोपिल शहरातल्या एका बेकरीच्या माडीवर बसून ती कित्येक आठवडे तेच कापत-जोडत होती. उद्या फिल्म महोत्सवाकडे पाठवायची होती. वीज वाटेल तेव्हा जात होती, खालचा जनरेटर खोकत होता, आणि आज हा माणूस कॅमेऱ्याचं नवं मेमरी कार्ड घेऊन उगवला होता. यातली दोन मिनिटं तरी फिल्ममध्ये हवीत, एवढाच त्याचा हट्ट.

कारण त्यात झेनोवी होता. यारेमाच्याच तुकडीतला. पिछाडीच्या गावात विश्रांतीला असताना त्यांच्या घरावर गोळा पडला. झेनोवी झोपेतच गेला, यारेमाचा पाय गेला. झेनोवीचं त्याआधीचं एवढंच चित्रण उरलं होतं, आणि ते बघायला त्याची आई, स्तेफामावशी, थोड्या वेळात बसनं येणार होती.

पडद्यावर तळघर होतं. लोणच्याच्या बरण्यांमध्ये हेल्मेट ठेवून दिलेलं, त्यामुळे खुद्द यारेमाही दिसत होता. तो, झेनोवी आणि आणखी एक जण मांडीवर फडकं पसरून बटाटे सोलत होते आणि मीठ लावून कच्चेच खात होते.

“शिजवायला काय झालं होतं?”

“कंटाळा आला.”

“तिघांनाही?”

“कंटाळा साथीचा रोग आहे, बाई.”

पडद्यावर तिसऱ्याला शिंक येऊ लागली. यारेमानं झडप घालून त्याचं नाक दाबलं. तिघेही गदगदा हलत हसले. छतातून माती त्यांच्या डोक्यांवर पडली. कुणी वर पाहिलं नाही.

“पोरकटपणा नुसता! आणि हे कुजबुजणं कशाला? एरवी घसा फोडून बोलता. इथे एक शब्द धड ऐकू येत नाही.”

“एक जण झोपला होता.”

“फारच लाडका दिसतो.”

“असेल,” यारेमा म्हणाला. “त्याला उठवायचं नव्हतं.”

मग झेनोवीनं सुरी बाजूला ठेवली, डोळे मिटले. ओठ हलू लागले, छाती भरून आली. गावच्या चर्चमध्ये प्रार्थना गाण्याचं काम त्याच्याकडे होतं. त्यानं ‘प्रभू, दया कर’ म्हणून सूर लावला की पेंगणारेही ताठ व्हायचे, देव अगदी हाकेच्या अंतरावर आलाय असं वाटायचं. इथे मात्र काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

“देवानं असला गळा दिलेला माणूस, आणि गातोय मुक्यानं! माझ्याच नशिबी यायचं होतं हे.”

“म्हणून म्हणतो, आवाज काढून टाक. वर एखादं व्हायोलिन लाव.”

सोलोमिया खुर्चीसकट त्याच्याकडे वळली. “सकाळी फोनवर मावशींनी एकच विचारलं. म्हणाल्या, चेहरा भिंतीवर आहे गं, पण आवाज विसरत चाललेय मी. तो ऐकू येईल ना? मी हो म्हटलंय. त्या माउलीला मुलाचा आवाज हवाय, आणि तू व्हायोलिन लावतोस?”

“मला काढता येत नाही, म्हणून तर तुझ्याकडे आणलं.”

“पण का काढायचा?”

“बेसूर गायलाय तो त्यात.”

“ऐकूच येत नाही तर बेसूर कसा, मूर्खा?”

यारेमानं घड्याळ पाहिलं. बसची वेळ झाली होती. काठी घेऊन तो उठला. “मी येईपर्यंत काढून ठेव. हात जोडतो, सोलोमिया.”

“जोड, जोड. माझं डोकं उठवायला तेवढंच राहिलं होतं!”

तो गेला. तिनं आवाज काढला नाही. उलट संगणकाला तो साफ करायला लावला. चित्रणातली घरघर दाबली, उरलं ते सगळं जमेल तेवढं वर उचललं. संगणक गोगलगायीच्या चालीनं चालत होता. दोनदा दिवे लुकलुकले. तिनं जनरेटरला, महोत्सवाला आणि यारेमाला एकत्रच शिव्या घातल्या.

काम संपतंय तोच दारात स्तेफामावशी आल्या. काखेत फडक्यात गुंडाळलेला खसखशीचा पाव.

“यारेमा येतोय मागून. जिना म्हणजे शिक्षाच की गं त्या लेकराला.”

त्या बसल्या. पडद्यावर हसणाऱ्या गालाला त्यांनी बोट लावलं.

“बघ कसा हसतोय. यारेमा सांगायचा ते खरंच म्हणायचं. खाऊन-पिऊन मजेत होता, कसली भीती नाही, काही नाही. तेवढ्यावरच रात्री डोळा लागतो माझा.” त्या सोलोमियाकडे वळल्या. “आवाज येतोय का पोरी?”

सोलोमियानं हेडफोन कानाला लावला. दूर, धाग्याएवढा बारीक, पण स्वच्छ सूर. तिनं हेडफोनची वायर उपटली.

झेनोवी खोलीभर गाऊ लागला. मावशींनी छातीवर क्रुसाची खूण केली आणि हात जोडले. जिन्यातली काठीची टकटक थांबली.

“सोलोमिया, बंद कर ते!” यारेमा खालून ओरडला.

पण गाणं आधीच थांबलं होतं. स्पीकरमधून जड बुटांचा आवाज आला, एकाचा, मग अनेकांचा, अगदी डोक्यावरून चालल्यासारखा. आणि छताच्या फळ्यांपलीकडून कुणीतरी शत्रूच्या भाषेत, रशियनमध्ये विचारलं, “अरे, खालचं तळघर बघितलं का कुणी?”