तिसरं यंत्र

मक्यात भुसा राहिला की मक्यावर चालणारी शेगडी विझायची आणि आयोवाच्या जानेवारीत आर्डिस घरातसुद्धा कोट घालून बसायची. मका साफ करायचं यंत्र विकत मिळतं, पण ते आणलं तर तिचा नवरा व्हर्लिन कसला. वॉशिंग मशीनचं जुनं पिंप, जाळी आणि पंखा जोडून त्याने गॅरेजमध्ये स्वतःच एक उभं केलं. पहिलं फिरेचना. दुसऱ्याने भुशाबरोबर दाणेही उडवले. तिसरं मात्र असं चाललं, की अकरा दिवसांत शेगडी एकदाही विझली नाही.

मग शनिवारी दुपारी त्याने मुद्दाम मायलोला बोलावलं. हा शेजारी पहिल्या यंत्रापासून त्याची टर उडवत होता. व्हर्लिनने ऐटीत बादलीभर मका ओतला. यंत्र घरघरलं, खोकलं आणि बंद पडलं. जाळी कणसाच्या तुकड्यांनी गच्च भरली होती.

"मला बघून लाजलं असेल," मायलो म्हणाला.

व्हर्लिनने पाना फरशीवर आपटला. "कोठीतला मका तोच, यंत्र तेच. आजच काय धाड भरली याला?"

आर्डिस नुकतीच चर्चमधून परतली होती. रिकामं पातेलं कडेवर धरून ती गॅरेजच्या दारात थबकली.

"चुकलं माझं," ती हळूच म्हणाली. "सकाळपासून मयताच्या जेवणाला वाढत होते. आजचा मका चाळून ठेवायचा राहिला."