पारूबाईंची हाक

पारूबाईंनी भिंतीला कान लावला. भिंत गप्प होती.

परवापर्यंत या भिंतीत तांब्याचा पाइप होता. फ्रिजच्या कारखान्यात फिटर असलेल्या नवऱ्याने घर बांधताना हौसेने घातलेला. पुंडलिकनगरच्या त्या गल्लीत पाण्याचा दिवस ठरलेला असायचा, वेळ मात्र नळाच्या मर्जीची. पण मोठ्या लाइनीला पाणी सुटलं की आधी हवा पुढे रेटली जायची, आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पारूबाईंच्या भिंतीत तो पाइप गुणगुणू लागायचा, रिकाम्या हंड्यात भुंगा अडकावा तसा. मग पारूबाई दारात येऊन हाक द्यायच्या, "नळ आलेऽऽ." गल्लीभर हौदांची झाकणं उघडायची. जो उशिरा उठेल त्याच्या वाट्याला करंगळीएवढी धार. पारूबाई हाक देणार म्हणून पाण्याच्या दिवशीही गल्ली बिनघोर झोपायची आणि त्या झोपेचा पारूबाईंना मनातून फार अभिमान होता.

पाइप म्हातारा झाला होता, हे मात्र खरं. जागोजागी हिरवा पडून भिंत ओली करायला लागला होता. शेवटी मुलगा संघपाल प्लंबर घेऊन आला. तांबं निघालं आणि त्याच्या जागी प्लास्टिकचा पांढरा, हवा तसा वळणारा पाइप बसला. सांधे कमी, गळायची भीती कमी. त्याचं एक टोक थेट अंगणातल्या हौदात सोडलं. आज कामावर निघताना सून मेघा म्हणाली, आई, आता भिंतीला कान लावायची कटकट गेली. पारूबाई हो म्हणाल्या. सुनेचं बोलणं खोटं नव्हतं, तरी ती जाताच त्यांनी भिंतीला कान लावला होता.

दुपार झाली. पाण्याचा दिवस होता, पण पाणी अजून आलं नव्हतं. कूलर घरघरत होता. पारूबाई सवयीने भिंतीशी टेकून बसल्या आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला.

झोपेत भिंत गुणगुणायला लागली. आधी बारीक, मग सगळी खोलीच. भिंतीचा रंग हळूहळू तांबूस झाला, घासलेल्या घागरीसारखा, आणि तिच्या पलीकडे पाणी हलताना दिसू लागलं. गल्लीतल्या सगळ्या बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. कुणाचीच घाई नव्हती, कुणी कुणाला ढकलत नव्हतं. पारूबाईंना इतकं बरं वाटलं की त्या तशाच उठल्या, दारात आल्या आणि त्यांनी हाक दिली.

हाक मात्र खरीच होती. झाकणं उघडली, बादल्या खणखणल्या, समोरच्या आशाबाईंनी मोटर सुरू केली. ती नुसतीच गुरगुरली. लोक कोरड्या नळांशी उभे राहिले, मग एकेक जण दारात येऊन पारूबाईंकडे बघू लागला. रात्रपाळी करून झोपलेला ऋतुराज डोळे चोळत बाहेर आला आणि परत आत गेला. कुणीतरी हळूच म्हणालं, वय झालं आता त्यांचं.

आशाबाईंनी मोटर बंद केली. "पारूबाई, रागावू नका, पण आता आपलं आपणच बघत जाऊ."

पारूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजपर्यंत त्यांची एकही हाक कधी वाया गेली नव्हती. त्या अंगणात आल्या, हौदातला तो पांढरा पाइप वर ओढला आणि त्याचं तोंड कानाला लावलं. आत त्यांना आपलाच श्वास ऐकू आला. पाइप पायाशी टाकून त्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी गुडघ्यांत डोकं घातलं. गल्लीतली दारं पुन्हा लागली.

किती वेळ गेला कोण जाणे. अंगठ्याला काहीतरी गार लागलं. मग सगळीच बोटं गार झाली. पारूबाईंनी डोळे उघडले तर पाइपमधून पाणी येत होतं, आवाज नाही, खळखळ नाही, जसं काही कुणाला न सांगता आलेलं. ऊन त्यात हलत होतं. पाऊल बुडालं, तरी त्या बघतच राहिल्या. हेही स्वप्नच असेल तर? त्यांनी ओंजळ भरून तोंडाशी नेली. पाण्याला औषधाचा वास होता. स्वप्नातल्या पाण्याला असा वास येत नाही.

पाइप हौदात सोडून त्या दारात आल्या. "नळ आलेऽऽ."

एकही दार उघडलं नाही. त्यांनी पुन्हा हाक दिली. कुठल्याशा खिडकीतून कुणीतरी म्हणालं, झोपा मावशी. पाणी येऊन निघून जाणार होतं आणि गल्ली कोरडीच राहणार होती. पारूबाईंना रडू यायला लागलं. चप्पल न घालताच त्या तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर उतरल्या, समोर गेल्या आणि आशाबाईंची कडी वाजवली.

आशाबाईंनी दार उघडलं. त्यांच्या कपाळावर आठी होती. पारूबाई बोलायला गेल्या आणि थांबल्या. आता आपल्या तोंडून निघालेलं कोण खरं मानणार, असं त्यांना वाटलं.

आशाबाई काहीतरी बोलणार होत्या. तेवढ्यात त्यांची नजर खाली गेली. पारूबाईंच्या दारापासून त्यांच्या उंबऱ्यापर्यंत रस्त्यावर पावलं उमटली होती. मागची वाळत आली होती, पुढची अजून चमकत होती.

आशाबाईंनी कोपऱ्यातला हंडा काखेत घेतला आणि रस्त्यात येऊन साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक दिली, "उठा गं, पारूबाईचे पाय वले झालेत."