पाटकऱ्याचा मुलगा

"सूर्यप्रकाशालाही धक्का असतो," अमेरिकेहून आलेला रूपचंद व्यासपीठावरून सांगत होता. "अगदी हलका. पण अवकाशात पातळ, चंदेरी शीड उभारलं, की तेवढ्यावर यान चालतं. इंधनाचा थेंब लागत नाही."

धुळ्याच्या कॉलेजचा हॉल गच्च भरला होता. तिथेच फिजिक्स शिकवणारी प्रमिला दुसऱ्या रांगेत होती. शेजारी तिचे वडील, लोटनआबा. आबा जन्मभर पांझरेकाठच्या फडावर पाटकरी होते. बंधाऱ्याचं पाणी शेतोशेती पाळीनं सोडणारा माणूस. "रूपचंद आज तुमचं नाव घेईल," असं सांगून प्रमिलानंच त्यांना गावाहून आणलं होतं. आबांनी त्यासाठी परीटघडीची टोपी काढली होती.

घ्यायलाच हवं होतं नाव. एम.एस्सी.ला ती आणि रूपचंद मिळून हे गणित मांडत होते आणि पार अडले होते, तेव्हा आबांनी त्यांना पाटावर नेलं होतं. "पानीले ढकलनं पडत नई रे पोरहो. त्यानी वाट त्याले ठाऊक शे. आपन फक्त फावडंभर माती इकडनी तिकडे करानी." रूपचंद तिथंच चिखलात बसून काडीनं आकृत्या काढू लागला होता.

"ग्रह आणि चंद्र यांच्या ओढीनं अवकाशातही पाट पडलेले असतात," रूपचंदनं प्रोजेक्टरवर चित्र बदललं. "यान त्यांत सोडून द्यायचं. शिडानं फक्त योग्य जागी जरासं वळवायचं."

आबा खुशीत मान डोलवू लागले.

"हे मला कुणी शिकवलं, माहीत आहे?" रूपचंद थांबला. प्रमिलानं आबांचा हात धरला. "माझ्या वडिलांनी. माझे वडील पाटकरी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. रूपचंदच्या वडिलांचं आग्रा रोडवर कापडाचं दुकान. त्या गृहस्थांनी फावडं सोडाच, कुंडीतल्या तुळशीलाही कधी पाणी घातलं नसेल. प्रमिलाला संतापानं रडू फुटायला आलं. आपलं नाव हा गिळणार, याची तिनं मनाची तयारी केली होती. बाप गिळेल असं वाटलं नव्हतं.

आबांनी हात सोडवून घेतला आणि मांडीवर ठेवला.

भाषण संपल्यावर हार सावरत रूपचंद खाली उतरला. आबांना पाहून गोरामोरा झाला, मग घाईनं वाकला. "आबा, मनाला लावून घेऊ नका. तिकडच्या लोकांना अशी गोष्ट लागते. बोलता बोलता सवय झाली."

आबांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"तुना बाप जित्ता शे ना?"

"हो, आबा. दुकानात असतात."

"मंग पहिले त्याले जाईसन सांग," आबा आवाज न चढवता म्हणाले, "का तू त्याना पोऱ्या नई."