मऊ केलेला प्रश्न

सकाळी आरोग्य खात्याने भिंतीवर बसवलेल्या यंत्राने मधाळ आवाजात विचारलं, "आप्पा, सगळं बरं आहे ना?"

कालपासून अन्नाला न शिवलेले आप्पा सावरून बसले. दारी आलेल्यापुढे रडगाणं गायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय. "हो, बरं आहे," ते म्हणाले. हिरवा दिवा लागला. दिवा लाल झाला तरच डॉक्टर घरी येत.

शेजारी त्यांची लेक सुलक्षणा बसली होती. हा प्रश्न तिनेच लिहिला होता. पूर्वी यंत्र सरळ विचारायचं, "जगणं नकोसं वाटतं का?" लोक चिडले, म्हणून खात्याने तिच्याकडून तो मऊ करून घेतला. तेव्हापासून राज्यभर हिरवे दिवे. खात्याने तिचा सत्कारही केला होता.

तिने जुनाच प्रश्न विचारला. "आप्पा, जगणं नकोसं वाटतं का?"

"तुझी आई गेली तेव्हापासून," आप्पा शांतपणे म्हणाले. "पण असं कुणी विचारलंच नाही गं."

दिवा हिरवाच राहिला. यंत्र फक्त स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर ऐकायचं. मग त्याने तिलाही विचारलं, "सुलक्षणाताई, सगळं बरं आहे ना?"

तिचे डोळे भरून आले होते. "हो," तिच्या तोंडून निघून गेलं, "बरं आहे."