गोळ्यांची खिडकी

बरोबर आठला नर्स शालनने गोळ्यांची खिडकी उघडली. कामगारांच्या रांगेत आज मॅनेजर दिघेसाहेबही उभे होते, तेही भिंत धरून.

या कारखान्यात भरतीलाच प्रत्येक कामगाराला एक इंजेक्शन मिळे. साखरेतून ऊर्जा काढणारं पेशींतलं एन्झाइम त्याने कायमचं बदले, आणि माणूस बारा तास न थकता राबे. पण हे नवं एन्झाइम कारखान्याच्या गोळीशिवाय चालत नसे. एक दिवस गोळी चुकली की हातपाय गळत, दुसऱ्या दिवशी चुकली की हृदय थांबे. गोळी खिडकीसमोरच गिळायची आणि जीभ दाखवायची, हा नियम दिघ्यांचा. साडेआठला खिडकी बंद, हाही त्यांचाच. शालनची धाकटी बहीण रंजना लागोपाठ दोन दिवस पाच मिनिटं उशिरा आली, तेव्हा दोन्ही दिवस त्यांनी स्वतः खिडकी ओढून घेतली होती.

दिघ्यांना दरवर्षी फ्लूची लस शालनच टोचायची. फोनवर बोलता बोलता ते बाही वर करत; बाटलीवरचं नाव त्यांनी कधी वाचलं नाही. परवाही वाचलं नाही.

त्यांचा नंबर आला.

"तुम्हीच केलंत ना हे?" ते दात-ओठ खात कुजबुजले. "फासावर चढवीन तुम्हाला."

"चढवा की. आधी गोळी घ्या."

त्यांनी गोळी तोंडात टाकली, घोटभर पाणी प्यायले आणि घाईने वळले.

"थांबा साहेब," शालन अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "जीभ दाखवा."