सव्वादोनचं माप

दहा वर्षांपूर्वी पुलावर बस उलटली, तेव्हा शालन कासारणीचा उजवा हात कोपरापासून गेला आणि त्या हातात धरलेली चार वर्षांची लेक मनूही गेली. तेव्हापासून तो नसलेला हात ठणकत होता.

"एक इंजेक्शन दिलं की ही नस कायमची गप्प होईल," डॉक्टर केळुसकर म्हणाल्या. "त्याआधी तिला काय जाणवतंय ते यंत्र दाखवेल."

पडद्यावर शालनचा गेलेला पंजा उमटला. त्यात दुसरा एक हात घट्ट रुतला होता.

"मनूच ती," तिचा नवरा दगडू पुटपुटला. "सोड आता तिला, शालन. किती वर्षं झोपली नाहीस तू."

बांगड्या भरताना शालन गिऱ्हाइकाचा पंजा नुसता चेपून माप सांगायची. आताही तिने डोळे मिटून त्या नसलेल्या पंजानेच आत रुतलेला हात चेपला, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"अहो, हे लहान पोरीचं माप नाही. सव्वादोन भरतंय. आपली मनू आज चौदाची असती."

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं आणि हातातली सुई खाली ठेवली.

"म्हणजे, गं?" दगडूने विचारलं.

"ठणका सोसेन मी," शालन म्हणाली. "तिला अजून लग्नाचा चुडा भरायचाय."